धुरपदाबाईचं शेवटचं विमान

जरा हळू बोला, पाहुणे. तिथं कडुलिंबाखाली माणूस झोपलाय.

नाही हो, आजारी नाही तो. आणि प्यालेला तर मुळीच नाही, तसल्याला आम्ही इथं टेकूसुद्धा देत नाही. उशाला चपला आणि तोंडावर उपरणं घेऊन कसा निवांत पडलाय बघा. त्याच्या डोक्याशी चौथऱ्यावर जे काळं गोल दिसतंय ना, ते विमानाचं चाक आहे. खरंखुरं. हळदी-कुंकू त्यालाच वाहिलंय. शेजारचा शेंदराचा दगड म्हणजे माळाई, या माळाची मूळची मालकीण. चाक नंतर आलं. बाहेरगावचा माणूस चाकाची पूजा बघून हसतोच. तुम्हीही तोंड फिरवून हसलात, मी बघितलं. हसा, माझी काही हरकत नाही. पण ऐकून मग हसा.

मी शेवंता. माझं भाजीचं दुकान हे असं कडेला. जांभुळनेर शहराचं हे जुनं विमानतळ, आम्ही याला नुसतं माळ म्हणतो. तुम्ही उभे आहात ती धावपट्टी. आता हिच्यावर सकाळी म्हातारे फिरतात, बायका स्कूटर शिकतात, उन्हाळ्यात पापड वाळतात. पूर्वी जिथं सामान तपासायचे त्या इमारतीत वाचनालय आहे. विमानं ठेवायच्या त्या मोठ्या शेडमध्ये नाटकांच्या तालमी चालतात, आणि वरच्या काचेच्या खोलीत आमचा पांडू चहा विकतो, नको तेवढा गोड. आज मोठ्या बाजाराचा दिवस, माणसं मुंगीसारखी आहेत. तरी बघा, दुकानं सगळी दोन्ही कडांना. मधली पट्टी मोकळी. ती कुणी मोकळी ठेवायला सांगितली, आणि झोपायला माणसं इथंच का येतात, त्याची ही हकिगत आहे. अर्धी मी सासूकडून ऐकली, अर्धी डोळ्यांनी बघितली. कुठली कुठं संपते ते मलाही आता नीटसं सांगता यायचं नाही.

आधी इथं गायरान होतं. गावाची सगळी गुरं या माळावर चरायची आणि उन्हं तापली की पलीकडच्या मोतीतळ्यावर पाण्याला जायची. मग लढाईच्या काळात सरकारनं माळ घेतला आणि गायरानाच्या पोटातून ही पट्टी काढली. माळाईचा दगड तेव्हा बरोबर मध्ये होता म्हणे. मुकादमानं हात जोडून तो उचलला आणि या लिंबाखाली आणून ठेवला. असं सांगतात की दगड उचलला त्या दिवशी पट्टीवर ओतलेलं डांबर संध्याकाळपर्यंत वाळलंच नाही. आता डांबर ते डांबर, त्याला वेळ लागणारच. पण सांगतात असं.

लढाई संपली आणि माणसांची ने-आण करणारं विमान सुरू झालं. रोज उन्हं कलली की ते उतरायचं, थोडं थांबायचं आणि निघून जायचं. गावाला केवढं कौतुक! पण गुरांना कौतुक कशाचं? त्यांची पाण्याची वाट पट्टीवरून जायची, ती तशीच चालू राहिली. एके दिवशी एक म्हैस पट्टीवर जी उभी राहिली ती हलेचना. विमान वर गिरक्या घालतंय, खाली सगळा स्टाफ म्हशीला ढकलतोय. त्या वेळी इथले साहेब होते मिनेझिस म्हणून, वसईकडचे, मोठे कडक. विमान कसंबसं उतरलं, पण साहेबांनी त्याच आठवड्यात सगळ्या पट्टीला काटेरी तार मारली आणि फाटकाला कुलूप घातलं.

तेव्हा गावची गुरं वळायला धुरपदाबाई होती. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी, कौतिक तिचं नाव. नवऱ्याची काठी घेऊन ती गुरांमागं फिरायची. तार पडली ती नेमकी उन्हाळ्यात, आणि त्या साली पावसानं आधीच दगा दिलेला. तळं समोर दिसतंय, पाणी चमकतंय, आणि मध्ये तार. ओढ्याकडून वळसा घालून जायचं तर दुपार संपायची. कालवडी वाटेतच बसायच्या, त्या उठायच्या नाहीत. गुरं तारेला छाती लावून हंबरायची म्हणे, सगळ्या गावाला ऐकू जायचं. बायकांना घास गिळवेना. पण साहेबांकडं जायला कुणी तयार नाही. सरकारी माणसाशी कोण वाद घालणार?

धुरपदाबाई गेली. एकटी गेली आणि साहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. साहेब म्हणाले, "बाई, त्या विमानात माणसं असतात. एक जनावर आडवं आलं तर सगळी मरतील. त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू?"

हे काही खोटं नव्हतं. धुरपदाबाईलाही ते पटलं असं सांगतात, आणि या हकिगतीत मला हेच आवडतं. ती भांडली नाही. साहेबांना घेऊन ती या लिंबाखाली आली आणि माळाईसमोर तिनं बेलभंडारा उचलला. बेलभंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. ती म्हणाली, "फाटक उघडा. विमान यायच्या आधी मी रोज पट्टी मोकळी करीन. जनावर काय, कोंबडीचं पिल्लू राहणार नाही. या माळावर शेवटचं विमान उतरेपर्यंत करीन, आणि तोवर माळ सोडून एक रात्रही दुसरीकडं राहणार नाही."

साहेब किरिस्ताव. पण त्यांनी वाकून तो भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि फाटकाची किल्ली तिच्या हातात दिली. गुरं पाण्याला सुटली तेव्हा म्हणे सगळं गाव या कडेला उभं होतं. नुसता गुरांच्या पाणी पिण्याचा आवाज. माझी सासू त्यात होती. ती म्हणायची, त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला तसा पुन्हा माझ्या लग्नातही पडला नाही.

तेव्हापासून रोज उन्हं कलली की धुरपदाबाई पट्टीच्या या टोकाला यायची, काठी वर करायची आणि हाळी द्यायची, "व्हा बाजूलाऽऽ, विमान यायचंय!" गुरं इतकी सरावली की काठी दिसली तरी सरकायची. एकदा तर विमान वेळेच्या कितीतरी आधी आलं, धुरपदाबाई अजून भाकरी खात होती, आणि बघते तर गुरं आपली आपण पट्टीवरून उतरून गवतात उभी. कान टवकारलेले. विमान त्यानंतर दिसलं. लोक म्हणाले माळाईनं हाकलली. धुरपदाबाई म्हणाली, "माळाईला काय तेवढंच काम आहे? गुरांना आधी ऐकू येतं." तुम्हाला जे पटेल ते घ्या.

विमान वाट चुकायचं नाही आणि बाईही चुकायची नाही. पण शब्दाची किंमत असते, पाहुणे. कौतिकचं लग्न झालं, ती येवल्याला गेली. लेकीच्या घरी आई सकाळच्या गाडीनं जायची आणि चहा घेऊन दुपारच्या आत परत फिरायची. एक रात्र नाही. बाळंतपणाला कौतिक इथं आली, पण बारशाला, नातीच्या आजारपणात, जावयाच्या तेराव्याला, प्रत्येक वेळी धुरपदाबाई उन्हं कलायच्या आत माळावर हजर. सासरचे लोक नाकं मुरडायचे. कौतिक रडायची. "आई, तुझं विमान मला सवतीसारखं आहे गं," असं ती एकदा याच लिंबाखाली बोलली. ते मी स्वतः ऐकलं. मी नवी सून होते तेव्हा.

मग शहर वाढलं, विमानं मोठी झाली, पट्टी अपुरी पडायला लागली. धरणाकडं नवं विमानतळ झालं. इथलं बंद करायचा दिवस ठरला. काय थाट होता! बँड, हार, फोटोवाले. मोठमोठी माणसं शेवटच्या विमानात बसली, विमानाच्या नाकाला ओवाळलं, नारळ फुटला आणि ते वर गेलं. लांब ठिपका होईपर्यंत लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतिक खास आईला न्यायला आली होती. हातात आईचं गाठोडं. मला म्हणाली, "शेवंता, संपलं गं बाई एकदाचं."

धुरपदाबाई लिंबाखाली उभी. जागची हलेना. कौतिक म्हणाली, "आई, चल. शेवटचं विमान गेलं."

"गेलं," म्हातारी म्हणाली. "उतरलं कुठं?"

झालं! आता काय करणार? तिनं शब्द दिला होता शेवटचं विमान उतरेपर्यंतचा. आणि आमच्या हुशार लोकांनी शेवटचं विमान वर पाठवून टाळ्या वाजवलेल्या. सगळ्यांनी समजावलं. अहो, वर जायच्या आधी ते इथं उतरलंच होतं, आणि आता धरणाकडं उतरलं असेल की. ती म्हणे, "धरण म्हणजे माझा माळ नाही. आणि इथं उतरून जे पुन्हा वर गेलं, ते उतरलं कसं म्हणू? वर गेलेलं मी बघितलं, खाली आलेलं बघितलं नाही." मिनेझिससाहेब असते तर त्यांनी तिला मोकळं केलं असतं, पण ते कधीच वारले होते. गुरव म्हणाला, माळाईला नैवेद्य करू, शब्द सुटेल. त्यालाही तिनं परतवलं. "गुरं पाणी प्यायली ती माझ्या शब्दावर. तुमच्या पुरणपोळीवर नाही." कौतिक गाठोडं ठेवून एकटीच परत गेली. जाताना तिनं आईला नमस्कारही केला नाही. दोघींनाही ते फार लागलं असणार.

त्यानंतर माळ ओस पडला. नदीकाठचा बाजार दाटीवाटीचा झाला होता, तो नगरपालिकेनं इथं पट्टीवर हलवला. आम्ही सगळे पट्टीच्या मध्यावर ऐसपैस बसलो. आणि उन्हं कलली तशी ही म्हातारी काठी घेऊन हजर. "व्हा बाजूलाऽऽ!" विमान नाही, साहेब नाही, नुसती ती आणि तिची एकुलती उरलेली गाय, हरणी. आणि ती आम्हाला कांदे उचला म्हणते! काय भांडणं झाली म्हणून सांगू. माझी सासू तर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहायची. पण म्हातारी भांडायचीच नाही. ती नुसती काठी आडवी धरून उभी राहायची, आणि तिच्या अंगावरून पुढं जायची कुणाची छाती व्हायची नाही. शेवटी कंटाळून आमचे आम्हीच कडेला सरकलो. रोज कांदे उचलण्यापेक्षा मध्ये बसायचंच नाही. मग राहिली गिऱ्हाइकं आणि हातगाड्या. ती तिच्या हाळीला कुरकुरत का होईना, बाजूला व्हायची.

बाबूलाल खेळणीवाल्यानं एकदा गंमत केली. चावीचं विमान तिच्या पायाशी घसरवलं आणि ओरडला, "आज्जी, उतरलं! सुटलीस!" म्हातारी हसली. मनापासून हसली हो. ते विमान उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू यात बसून ये बाळा, मग मी सुटते." पण मागं वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिला जायचं होतं, पाहुणे. लोकांना वाटायचं म्हातारीला माळाचं वेड लागलंय. वेड कसलं? नजर अधू झाली होती, गुडघे धरले होते, लेकीच्या घरी भिंतीला टेकून बसावं एवढीच तिची इच्छा होती. गाठोडं तिनं सोडलंच नव्हतं. माळावरच्या तिच्या खोपटात खुंटीला तसंच टांगलेलं असायचं.

असाच बाजाराचा दिवस होता. म्हातारीनं हाळी दिली, माणसं बाजूला झाली, नेहमीसारखं. थोडा वेळ गेला की ती हरणीला पट्टी ओलांडून तळ्यावर सोडायची, आणि हरणी पलीकडं पोचली की आम्ही समजायचो झालं, आता फिरायला मोकळे. त्या दिवशी हरणी पट्टीच्या कडेला आली आणि थांबली. म्हातारीनं चुचकारलं, पाठीवर थाप मारली. हरणी ढिम्म. कान पुढं केलेले, मान वर. गिऱ्हाइकं वैतागली. एक हातगाडीवाला म्हणाला, "आज्जी, पुरे आता, माझी केळी काळी पडतील." तो गाडी ढकलणार तेवढ्यात म्हातारीनं काठी आडवी घातली. तिचा आवाज एरवी म्हाताऱ्या माणसाचा, पण त्या वेळी कसा निघाला कुणास ठाऊक. "कुणी हलायचं नाही!"

मग आम्हाला ऐकू आलं.

धरणाच्या बाजूनं एक विमान खाली खाली येत होतं. लहानसं, दोन पंख्यांचं. आम्हाला वाटलं वरून जाईल. ते गेलं नाही. चाकं बाहेर निघाली. बायकांनी पोरं छातीशी धरली. विमानाची चाकं पट्टीला टेकली, धूळ उडाली, माझ्या मिरच्या उडाल्या, आणि आमच्या दोन रांगांच्या मधून ते सुसाट गेलं. पार त्या टोकाला पट्टी उखडली होती तिथं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, मोडलं, विमानानं नाक टेकलं आणि ते थांबलं. 

दार उघडलं. माणसं उतरली. एक, मग दुसरा, मग लेकरू कडेवर घेतलेली बाई. सगळी धड. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. शेवटी उतरली विमान चालवणारी. मुलगीच होती, मृदुला नाडगौडा तिचं नाव. वरच्या यंत्रांनी दगा दिला, समोर सरळ लांब मोकळी पट्टी दिसली, तिला वाटलं हेच नवं विमानतळ. दोन्ही पट्ट्या एकाच दिशेला आहेत, चुकू शकतं माणूस. खाली टेकल्यावर तिला दोन्ही बाजूंना भाजीचे ढीग दिसले. ती मागं वळून सगळी पट्टी बघत होती. म्हणाली, "मध्ये कुणीच कसं नव्हतं? बाजार भरलाय, मध्ये कुणीच कसं नव्हतं?"

आम्ही सगळ्यांनी वळून म्हातारीकडं बघितलं. केळीवाल्यानं तर तिचे पाय धरले. माझ्या सासूनं, जी आयुष्यभर तिच्याशी भांडली, कानशिलावर बोटं मोडून तिची अलाबला घेतली. आणि धुरपदाबाई? ती चाचपडत विमानापाशी गेली, त्याच्या पत्र्याला हात लावला आणि विचारलं, "उतरलं ना गं?"

मुलीला काय कळणार? ती म्हणाली, "हो आजी. उतरलं."

काही लोक सांगतात की टाळ्या वाजवून पाठवलेलं तेच हे विमान, माळाईनं परत आणलं. काहीतरीच! ते केवढं मोठं होतं. पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. आम्हालाही तेच वाटलं. कौतिकला निरोप गेला, ती धावत आली. पण म्हातारी म्हणाली, "थांब जरा. हे परत वर गेलं तर?"

खरंच की! विमान दुरुस्त करून उडवत न्यायचं असं मालकांनी ठरवलं होतं. मेकॅनिक येऊन कामाला लागले. ते वर गेलं की पुन्हा शेवटचं विमान वर गेलेलं, आणि म्हातारीच्या गळ्यातला फास पुन्हा होता तसा. सगळ्या बाजाराचा जीव टांगणीला लागला. मेकॅनिक नवीन चाक बसवायला लागले की सगळा बाजार माना वळवून तिकडंच बघायचा. लोक त्यांना चहा पाजायचे आणि हळूच विचारायचे, "जमेल असं वाटत नाही, नाही का?" ते म्हणायचे, "का नाही? उडेल की!" त्यांना वाटायचं आम्हाला आनंद होईल. कौतिक आईजवळ खोपटात राहिली आणि रोज सकाळी उठून विमानाकडं असं बघायची की ते विमान असतं ना माणूस, तर लाजून निघून गेलं असतं.

आणि मग सुटका आली ती कुठून, तर सरकारी कचेरीतून. माझा विश्वास बसला नव्हता, तुमचाही बसायचा नाही. वरून हुकूम आला. बंद विमानतळावर विमान उतरलं ती चूक झाली, माणसाच्या हातून चूक होते. पण बंद विमानतळावरून विमान उडवायचं म्हणजे जाणूनबुजून करणं झालं. परवानगी नाही! मालक चरफडले. आम्ही मात्र कधी नव्हे ते कचेरीला हात जोडले. विमानाचे पंख सोडवले, लांबलचक ट्रक आला आणि विमान रस्त्यानं निघालं, उसाच्या गाडीसारखं डुलत डुलत. नाडगौडाबाई मुद्दाम आली होती. तिला तोवर सगळी हकिगत समजली होती. मोडलेलं जुनं चाक तिनं मागून घेतलं आणि स्वतः ढकलत आणून या लिंबाखाली ठेवलं.

ट्रक वळणाआड गेला तशी धुरपदाबाई माळाईसमोर बसली. भंडाऱ्याची चिमूट दगडावर ठेवली आणि म्हणाली, "आई गं, विमान उतरलं. मी निघते." बास, एवढंच. कौतिकनं खुंटीवरचं गाठोडं आणलं. येवल्याची गाडी यायला अवकाश होता. म्हातारी म्हणाली, "जरा पाठ टेकते," आणि त्या चाकाला डोकं लावून इथंच आडवी झाली. आणि झोपली. कशी झोपली! दुपारची झोप तिला तरुणपणापासून माहीत नव्हती, दुपार म्हणजे तिची पहाऱ्याची वेळ. तोंड उघडं, काठी बाजूला पडलेली, हरणी शेजारी रवंथ करतेय.

तिची झोप चालूच होती, आणि उन्हं कलली.

हाळी कोण देणार? कुणी दिली नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पाहुणे. पट्टीवरची माणसं एकेक करून थांबली. आधी केळीवाल्यानं गाडी कडेला घेतली, चाकाचा आवाज होऊ नये म्हणून जवळजवळ उचलूनच. मग बायकांनी पिशव्या उचलल्या. मालाचा भाव ओरडणारे गप्प झाले. सगळा बाजार पाय न वाजवता बाजूला झाला आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी झाली. माझी सासू हलक्या आवाजात म्हणाली, "झोपू द्या तिला." आम्ही तिच्यासाठी ती वेळ राखली. कौतिक पदर तोंडाला लावून रडत होती, आणि या वेळी ते रडणं फार गोड होतं.

म्हातारी उठली तेव्हा गाडी येऊन उभी होती. "वेळ झाली का गं?" तिनं दचकून विचारलं. कौतिक म्हणाली, "होऊन गेली, आई." त्यावर ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण गाडीत बसताना हसत होती. पुढं बरीच वर्षं जगली ती येवल्याला. रोज दुपारी झोपायची, असं कौतिक कौतुकानं सांगायची.

त्या चाकाला मग चौथरा झाला. नगरपालिकेनं एकदा पट्टीच्या मध्ये गाळे बांधायचं काढलं होतं, पण बाजारानं एका तोंडानं नको म्हटलं, तेव्हा तो विषय मिटला. आजही उन्हं कलली की हाळी न देता पट्टी मोकळी होते. आणि आजही ज्याच्या मानेवरचं जुनं ओझं उतरलं, तो जांभुळनेरचा माणूस इथं येतो, चाकाला हात लावतो आणि या लिंबाखाली एक झोप काढतो. शेवटच्या परीक्षेनंतर पोरं येतात. आजाऱ्याची सेवा संपली की बायका येतात, त्या झोपण्याआधी रडतात. नवस बोलायला इथं कुणी येत नाही. इथं फक्त सुटलेल्यानं यायचं.

तो माणूस ना? शिंपी आहे, पेठेतला. भावाभावांत घरावरून कज्जा चालू होता, तारखा खाऊन खाऊन केस पिकले त्याचे. काल निकाल लागला. जिंकला की हरला ते मी विचारलं नाही. सकाळी येऊन म्हणाला, "शेवंतामावशी, उतरलं एकदाचं." मी म्हटलं, "जा, झोप."

बघा, उन्हं कलली. या, या कडेला या, ती पिशवी उचला. आणि पाय वाजवू नका.